मदत हवी आहे: सर्वकालीन श्रेष्ठ संगीतकार ठरवताना गुण कसे द्यायचे?

वादासाठी गुणतक्ता करतोय: रचना ३०, सादरीकरण ३०, पुढच्या पिढ्यांवरचा प्रभाव ४०. गाडी सादरीकरणापाशी अडते. जर्मन संगीतकार बाखच्या (१६८५–१७५०) हजारावर रचना कागदावर तपासता येतात, ऑर्गनवादन नाही. तानसेनाच्या नावावर ध्रुपदं आहेत, गाणं मात्र ऐकीव. शून्य द्यावं तर अन्याय, सरासरी द्यावी तर दंतकथेला गुण!

ध्वनिमुद्रणं आहेत तिथेही फसगत होते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांनाही ख्याल आटोपता घ्यावा लागे. शिवाय सुरुवातीच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नसे. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढते आणि तान उगाच चपळ वाटते. त्यावरून 'काय तयारी आहे' म्हणणं धोक्याचंच. (१९४८ नंतरच्या एलपीवाल्यांना, म्हणजे जास्त वेळ चालणाऱ्या तबकड्यांवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना, हा जाच बराच कमी.)

तर सादरीकरणाचा रकाना रिकामा ठेवून उरलेल्या ७० पैकी टक्केवारी काढावी, की रचनाकार आणि गायक-वादकांच्या याद्याच वेगळ्या कराव्यात? आणि प्रभाव मोजायला विक्रीच्या आकड्यांपेक्षा भरवशाचं काय? जाणकारांनी सांगावं.