कादंबरीचा पहिला खर्डा पुरा झाला. अंजिरी रंगाचं वाइन कॉकटेल करायचंय, कोकम चालेल का?

वडगावची लेक:

मंडळी, मंगळवारी रात्री पावणेबाराला माझ्या कादंबरीचं शेवटचं वाक्य लिहून झालं. सात वर्षं लागली. दोनशे पानी सहा वह्या भरल्या, सातवीची एकतीस पानं झाली. नोकरी बँकेतली, त्यामुळे लिहायचं ते रात्री जेवणं आटोपल्यावर. कोण छापेल ते पुढचं पुढे बघू. हा खर्डा पुरा झाला याचाच आनंद मला करायचाय, आणि नीट करायचाय.

कादंबरी आमच्या बेळगावातल्या विणकरांची आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात घरोघरी माग होते, त्यांतलंच एक घर आमचं. बाबा शहापुरी साड्या विणायचे, आई कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरायची. माग विकला तेव्हा मी नववीत होते. बाबांनी आईसाठी विणलेली एक साडी घरात अजून आहे. अंगभर अंजिरी, काठ त्याहून गडद. शेवटचं प्रकरण त्या साडीवरच संपतं. म्हणून मला वाटतं की त्या दिवशी ग्लासात तोच रंग असावा. खुळचटपणा नाही हो, मनापासून वाटतं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर आम्ही सात जण जमणार. गेल्या सात वर्षांत ज्यांनी माझी पानं वाचली, फाडून टाक म्हणाले, पुन्हा लिही म्हणाले, ती ही माणसं. आई बसणार आहे, ती घेत नाही. एक मैत्रीणही घेत नाही. राहिलो पाच जण. ऑफिसातल्या सहकाऱ्याने भेट दिलेली पांढऱ्या वाइनची एक बाटली आहे, शेनिन ब्लाँ, 750 मिलीची. दुसरी आणायचा विचार नाही.

काल बशीएवढ्या वाटीत अर्धा कप वाइन घेऊन त्यात दोन चमचे कोकमाचं आगळ घालून बघितलं. रंग छान आला, पण चव सोलकढी बिघडल्यासारखी, नुसतं मीठ. वर सोडा ओतून चमच्याने ढवळला तर फेस सगळा निघून गेला आणि खाली सपाट पाणी राहिलं. वाइन वाया गेली याचं वाईट वाटलं.

तर विचारायचं हे:
आगळाचं मीठ कसं काढायचं? सोडा कधी घालायचा? आणि आईच्या नि मैत्रिणीच्या ग्लासातही हुबेहूब तोच रंग कसा आणायचा? त्या दोघींना वेगळं काही दिलंय असं वाटता कामा नये.

जांबोटीकर:

ताई, आधी अभिनंदन. सात वर्षं एका कामाला चिकटून राहणं म्हणजे काय ते मागावर वाढलेल्या माणसालाच कळतं.

मी मडगावात एका हॉटेलच्या बारमध्ये अकरा वर्षं काम केलं, आता गावी आहे. तुमची चूक कोकमात नाही, आगळात आहे. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, रस मीठ घालून टिकवलेला. ते मीठ आता बाहेर काढता येणार नाही. साखर घालून झाकायला गेलात तर वाइन मरेल. सुकी आमसुलं भिजवून बघाल, तर बहुतेक आमसुलांनाही मीठ लावलेलं असतं. मे महिना चालू आहे, ताजे रातांबे मिळतात. ते घ्या आणि बिनमिठाचा पाक करा. तुमच्याकडे आठ-नऊ दिवस आहेत, पुरेसे आहेत. पाक कसा करायचा ते इथल्या एखाद्या काकू माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी बारचं सांगतो.

पांढऱ्या वाइनमध्ये आपल्या मुलखातलं फळ घालणं हे काही आडमुठं काम नाही. फ्रान्समध्ये दिजों शहराचे महापौर होते फेलिक्स किर, 1945 ते 1968. ते आलेल्या पाहुण्यांना तिथल्या पांढऱ्या वाइनमध्ये तिथल्याच ब्लॅककरंटचं गोड मद्य घालून द्यायचे. ते पेय आज जगभर 'किर' या नावानेच मागतात. त्यांच्याकडे ब्लॅककरंट, आपल्याकडे रातांबा. आणि सोडा घालतो त्याला स्प्रिट्झर म्हणतात. जर्मनमध्ये श्प्रिट्सन म्हणजे शिंपडणं, पिचकारी मारणं, त्यावरून आलेलं नाव.

तुमच्या बाटलीचा हिशेब असा. एका ग्लासाला 90 मिली वाइन. 750 मध्ये आठ ग्लास होतात. पाच जणांना एकेक, आणि तिघांना दुसरा. पाक 20 मिली, सोडा 60 मिली. हे मोजूनच घ्या, अंदाजाने ओतू नका. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं छोटं मापाचं झाकण असतं ना, ते धुऊन वापरा. वाइन बारा टक्क्यांची धरली तर असा ग्लास साधारण सहा टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे नेहमीच्या बियरपेक्षा जरा जास्तच. गोड नि गार असल्यामुळे ते जाणवत नाही, पटकन संपतं. बीपीच्या गोळ्या घेणारं कोणी असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि गाडी चालवत जाणाऱ्याला आईंच्या ग्लासातलं द्या.

सोडा का मेला ते सांगतो. सोड्यातला वायू गार पाण्यात टिकून राहतो, कोमट झालं की निघून जातो. ढवळलं की तर झटकन जातो. म्हणून वाइन, सोडा, पाक, ग्लास, सगळं तीन-चार तास फ्रीजमध्ये. सोडा वाइननंतर, ग्लास तिरपा धरून कडेने. चमच्याने ढवळायचंच नाही.

आता रंग. इथे मन लावून ऐका, कारण तुम्हाला हवा तो अंजिरी मिळू शकतो. सगळं एकत्र केलंत तर फिका गुलाबी होईल. त्याऐवजी वाइन आणि सोडा आधी ओता, पाक सगळ्यात शेवटी, ग्लासाच्या आतल्या कडेला चमच्याची पाठ टेकवून त्यावरून हळूच ओता. साखरेचा पाक वाइनपेक्षा जड, तो खाली जाऊन बसतो. तळाला गडद अंजिरी, वर जाताना फिकट होत गुलाबी. साडीचा काठ आणि अंग. ग्लास काचेचा हवा, साधा पाण्याचा चालेल.

बर्फ घालू नका, विरघळून चव पाणचट होते. अथणीकडची काळी द्राक्षं मिळाली तर आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका आणि बर्फाऐवजी तीच घाला. खायचा सोडा मात्र चुकूनही नको. चव खारट होईल आणि कोकमाचा लाल रंगही बिघडेल. तो रंग आंबटपणावर टिकतो.

चोर्ला घाट:

एका बाटलीत सात माणसं कशी भागवता? गोव्याहून चार बाटल्या आणा की, स्वस्तात. मी शनिवारी जातोय.

जांबोटीकर:

नको. गोव्यात विक्रीसाठी म्हणून छापलेली बाटली परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं हा गुन्हा आहे, घाटात तपासणी असते. ताईंचा आनंदाचा दिवस अबकारी नाक्यावर जायला नको.

टिळकवाडीच्या काकू:

पोरी, तुझं कौतुक करायला शब्द कमी. मी घेत नाही आणि मला त्याचं कळतही नाही, पण रातांब्याचं सरबत चाळीस वर्षं करते आहे, सावंतवाडीच्या माहेरची रीत.

अर्धा किलो रातांबे आण. पिकून काळपट लाल झालेले, बोटाने दाबलं तर दबणारे. धुऊन, पुसून, अगदी कोरडे कर. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी येते. दोन भाग कर, बिया काढ. सालीची ती अर्धी वाटी साखरेने गच्च भरायची आणि काचेच्या बरणीत एकावर एक रचायची. साखर सालीच्या वजनाएवढी घे. आम्ही सरबताला दुप्पट घालतो, पण तुला वाइनमध्ये घालायचं तर एवढी बास. तोंडाला पातळ फडकं बांधून उन्हात ठेव, रोज एकदा बरणी हलव. सहा-सात दिवसांत साखर पूर्ण विरघळते आणि असा रंग उतरतो की बघत राहावं. मग गाळून घे. चूल नाही, गॅस नाही. उकळलंस तर रंग तपकिरी होईल.

वळिवाचे दिवस आहेत, चारच्या आत बरणी घरात घे.

आईच्या नि मैत्रिणीच्या ग्लासात पाक 30 मिली, बाकी सोडा, गवती चहाची एक काडी गाठ मारून. तीच काडी वाइनच्या ग्लासातही टाक. सगळ्यांचे ग्लास सारखे दिसतील. आईच्या ग्लासात भाजलेल्या जिऱ्याची चिमूट टाकलीस तर पोटालाही बरं. तुळस घालू नकोस, बघितलं आहे मी कुणाकुणाला घालताना. पुदिना चालेल, पण कोकमावर तो कुरघोडी करतो.

बरोबर खायला काय ठेवणार आहेस? आंबटगोड पेयावर कुंदा जड होईल, तो शेवटी दे. आधी खारे शेंगदाणे, भाजलेलं रताळं, काकडी.

वडगावची लेक:

काकू, जांबोटीकर दादा, काल झालं सगळं. सांगायलाच आले.

रातांबे शनिवारच्या बाजारात मिळाले. बरणी सहा दिवस गच्चीवर होती आणि तिच्याजवळ पहारा आईचा. आभाळ भरून आलं की ती माझ्याआधी जिन्यावर. पाक गाळला तेव्हा साडीचा पदर काढून बरणीशेजारी धरला. काठाच्या रंगाला तो इतका जवळ होता की मला बोलता येईना. आईने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "आंबट हाय, पण बरं हाय."

दादा, तुमचं माप बरोबर उतरलं. पहिल्या ग्लासात मी घाईने पाक वरून धबकन ओतला, तो सगळा मिसळला आणि गुलाबी झाला. तो मीच घेतला. दुसऱ्यापासून चमच्याच्या पाठीवरून सोडला. खाली गडद, वर फिका, मधे द्राक्षं तरंगताहेत. एवढा सुंदर दिसला की दोघांनी आधी फोटो काढले. माझ्या जिभेला 20 मिली किंचित कमी वाटलं, गार झाल्यावर गोडी दबते बहुतेक. दुसऱ्या फेरीत 25 घातला, तो बरोबर बसला. गवती चहाचा वास वाइनबरोबर इतका जुळेल असं वाटलं नव्हतं. बाटली पुरली. पाच ग्लास, मग तीन, तळाला चार घोट उरले.

सहा वाजता वळीव आला. ताट, ग्लास, वह्या घेऊन सगळे खाली आमच्या पुढच्या खोलीत, जिथे पूर्वी माग होता तिथे. लाइट गेली होती. तसंच मेणबत्तीवर मी शेवटचं प्रकरण वाचलं. आईच्या हातात तिचा अंजिरी ग्लास होता आणि ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पूर्वी जिथे कांड्या भरायला बसायची तिथेच.

वाचून झालं. कोणी लगेच काही बोललं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग आई म्हणाली, "एक चुकलंय गं. तू लिवलंस, तिनं कांड्या गुंडाळल्या. कांड्या गुंडाळत न्हाईत. भरतात."

सात वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, वाचलेल्या पाचांपैकी कुणाच्याही नाही. मी पेन मागितलं. मैत्रिणीने मेणबत्ती जवळ धरली. सातवी वही, पान अठ्ठावीस, खालून चौथी ओळ. तिथे खोडून 'भरल्या' लिहिलं. आईने वही हातात घेतली, तो शब्द बघितला आणि मग तिचा ग्लास संपवला.