ऑर्लँडो: डिस्नेच्या आत राहायचं की बाहेर घर घ्यायचं? आम्ही ६ जण, सल्ला हवाय

मनीमाऊ:
मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्लँडोला जायचं ठरलंय, विमानाची तिकिटं काढून झाली आणि आता राहायचं कुठे यावर घरात रोज रात्री गोलमेज परिषद भरतेय. आम्ही दोघं, लेक ९ वर्षांची, धाकटा ४ चा, आणि सासू-सासरे पहिल्यांदाच इकडे आलेत ते. ६ रात्री. डिस्नेचे ३ दिवस, युनिव्हर्सलचे २, मधे एक मोकळा.

नवरा म्हणतो एवढं करून जातोय तर आतच राहू, गाडी नको, ड्रायव्हिंग नको, बसायचं आणि जायचं. माझा जीव अडकलाय किसिमीतल्या एका चार बेडरूमच्या घरात, स्वतःचा पूल, किचन, वॉशिंग मशीन. सासूबाईंना सलग सहा दिवस बाहेरचं खाणं झेपणार नाही आणि सासऱ्यांचे गुडघे दुखतात, दुपारी पडायला लागतंच. मला आलेले आकडे: डिस्नेच्या आर्ट ऑफ अॅनिमेशन हॉटेलातला फॅमिली स्वीट (सहा जण मावतात, दोन बाथरूम) रात्रीला ६२० डॉलर, घर रात्रीला २१०. एवढा फरक बघून आनंद व्हायच्या ऐवजी शंकाच येतेय. कोणी दोन्ही करून बघितलंय का?

खडूस_काका:
शंका बरोबर आहे. २१० विसरा. बुकिंगच्या अगदी शेवटच्या पानापर्यंत जा, कार्ड नंबर मागेपर्यंत, आणि मग तिथला आकडा इथे टाका. क्लीनिंग फी, साइटची फी, पूल गरम करायचे वेगळे पैसे, आणि या सगळ्याच्या डोक्यावर टॅक्स. किसिमी ओसिओला काउंटीत येतं, तिथे सेल्स टॅक्स आणि टुरिस्ट टॅक्स मिळून साडेतेरा टक्के. टॅक्स हॉटेललाही आहेच म्हणा, फक्त तिकडे बाकीची पिल्लं नसतात.

मनीमाऊ:
काका, केलं. क्लीनिंग २२०, पूल हीट दिवसाला ३५, साइटची फी, टॅक्स, सगळं धरून सहा रात्रींचे २१५० च्या आसपास. स्वीटचे टॅक्ससकट ४२०० होतायत. म्हणजे तिप्पट वाटत होतं ते दुप्पट झालं.

खडूस_काका:
आता त्यात सहा जणांची मिनीव्हॅन धरा, पेट्रोल धरा, आणि डिस्नेच्या पार्कांत पार्किंगचे दिवसाला तीसेक डॉलर धरा. आत राहणाऱ्यांना पार्कातलं पार्किंग फुकट असतं. तरी घर स्वस्तच पडेल, पण ‘अर्ध्यात झालं’ असं नवऱ्याला सांगू नका, तो एक्सेल उघडेल.

भिंगरी:
आम्ही दोन्ही केलंय, आधी घर, मग दोन वर्षांनी आत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

घराचा सगळा खेळ दुपारवर आहे. ‘दुपारी घरी येऊन झोपू, पूलमध्ये डुंबू, संध्याकाळी परत जाऊ’ असं सगळे ठरवतात, आम्हीही ठरवलं होतं, आणि पहिलाच दिवस मॅजिक किंगडमचा घेतला तिथेच चुकलं. ते पार्क १९७१ मध्ये बांधतानाच पार्किंग तळ्याच्या पलीकडे ठेवलंय, गाडी लावून तुम्ही गेटपाशी पोचतच नाही. आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, पावणेदोनला रडायला लागला म्हणून निघालो. गेटबाहेर आलो, फेरीबोटीची रांग, बोटीतून पलीकडे, मग ट्रामसाठी झोपलेल्या पोराला खांद्यावर टाकून स्ट्रोलर मिटायचा, एका हातात स्ट्रोलर, दुसऱ्यात पिशव्या, आणि मग जाफर की झर्ग यावर आमचं भांडण (पार्किंगच्या भागांना पात्रांची नावं आहेत, एक बाजू हिरोंची, एक व्हिलनांची, फोटो काढून ठेवा हात जोडून सांगते), मग गाडी, मग आय-४ वरचं ट्रॅफिक. घरी पोचलो तेव्हा सव्वातीन वाजलेले आणि पोरगं टक्क जागं. पूल हीटचे पैसे भरले होते, पाणी गार, मालकाला मेसेज केला तर म्हणे चालू व्हायला एक दिवस लागतो. संध्याकाळी परत कोण जातंय! फटाके पोरांना यूट्यूबवर दाखवले.

पण हे सगळं मॅजिक किंगडमपुरतं हं. डिस्नेच्या बाकीच्या तीन पार्कांचं, म्हणजे एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अॅनिमल किंगडमचं, पार्किंग गेटसमोरच आहे, तिथून घरी जाऊन यायला काही वाटत नाही. आणि घराचं सुख म्हणजे रात्री नऊला दोन्ही पोरं वेगळ्या खोलीत झोपलीयत, मशीनमध्ये कपडे फिरतायत आणि आपण दिवा लावून माणसासारखे बसलोय. हॉटेलच्या एका खोलीत सगळ्यांनी आठ वाजता अंधार करून फोनकडे बघत पडायचं, ते मला नाही जमत.

आत राहिलो तेव्हा बसने मॅजिक किंगडमच्या थेट दाराशी सोडलं, ते मात्र भारी. तुमच्या नवऱ्याचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे.

स्लिंकीची_आई:
दुपारबिपार ठीक आहे पण लाइटनिंग लेनचं (पैसे भरून राइडची रांग टाळायची सोय) कोणीच बोलत नाहीये. आत राहणाऱ्यांना चेक-इनच्या ७ दिवस आधी सकाळी ७ ला बुकिंग उघडतं आणि अख्ख्या मुक्कामाचं एका बैठकीत करता येतं. बाहेरच्यांना प्रत्येक दिवसाचं ३ दिवस आधी. पैसे दोघांनाही मोजायचेच, फक्त आतल्यांनी चार दिवस आधी ताटं वाढून घेतलेली असतात. हॉलिवूड स्टुडिओजला स्लिंकी डॉग डॅश ही राइड आहे, आमच्याकडे तीच सगळ्यात लाडकी (नावावरून कळलं असेलच), बाहेरच्यांना सकाळची वेळ मिळणं कठीण. उंची ३८ इंच लागते, धाकट्याची आत्ताच मोजा, तिथे पट्टीपाशी रडारड नको. मॅजिक किंगडमच्या ट्रॉन राइडला ४८ इंच आहे, लेकीचीही मोजा.

आणि आत राहिलं की रोज प्रत्येक पार्कात अर्धा तास आधी सोडतात. त्या अर्ध्या तासात दोन मोठ्या राइड होतात.

भिंगरी:
त्या अर्ध्या तासासाठी उघडायच्या पाऊण तास आधी गेटवर उभं राहावं लागतं, हेही लिही की. सहा माणसं, दोन बाथरूम, एक चार वर्षांचा. आम्हाला आठवडाभरात एकदाच जमलं.

स्लिंकीची_आई:
आम्हाला रोज जमलं 😄 पण आम्ही तिघंच होतो, खरंय. आजी-आजोबांना घेऊन ती पळापळ मीही केली नसती.

पावणेबारा:
मनीमाऊ, नवऱ्याला एक विचारा. ‘गाडी नको’ हे २०२२ च्या आधीचं गणित तर नाही ना? पूर्वी एअरपोर्टवरून डिस्नेची फुकट बस असायची, ती जानेवारी २०२२ ला बंद झाली. आता बस आहे पण पैसे देऊन. आर्ट ऑफ अॅनिमेशनवरून स्कायलायनर (केबल कार हो) एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेते, मस्त आहे, स्ट्रोलर न मिटता आत ढकलायचा, सासऱ्यांनाही सोपं. पण मॅजिक किंगडमला आणि अॅनिमल किंगडमला बसच. वीज कडाडायला लागली की स्कायलायनर थांबवतात, डिसेंबरात तो त्रास कमी. आणि मुख्य म्हणजे डिस्नेची कुठलीच बस युनिव्हर्सलला जात नाही. तुमचे ५ पैकी २ दिवस युनिव्हर्सलचे. सहा जणांना मोठी टॅक्सी, जाऊन-येऊन, दोन दिवस, आणि धाकट्याला बूस्टर लागणारच, फ्लोरिडात ५ वर्षांपर्यंत कायद्यानेच आहे. मग गाडी वाचली कुठे?

खरी गंमत युनिव्हर्सलच्या हॉटेलांत आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तिघांपैकी एकात खोली घेतली की खोलीतल्या सगळ्यांना एक्सप्रेस अनलिमिटेड (तिकडचा रांग टाळायचा पास) फुकट, युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर या दोन्ही पार्कांत, आणि ते चेक-इनच्या दिवशीही चालतं आणि चेक-आउटच्या दिवशीही. म्हणजे एक रात्र, दोन दिवस. सकाळी पार्क उघडायच्या आत हॉटेलवर जायचं, खोली तयार नसली तरी पास हातात देतात. चौघांचे दोन दिवसांचे एक्सप्रेस विकत घ्यायला गेलात तर बहुतेक वेळा खोलीपेक्षा जास्त जातात. पार्कचं तिकीट वेगळं लागतं अर्थात, आणि हॉटेलच्या पार्किंगचेही ते वेगळे घेतात. तिसरं पार्क, एपिक युनिव्हर्स, मे २०२५ ला उघडलं, तिथे हा फुकट एक्सप्रेस चालत नाही. तिथे जायचा विचार असेल तर हे सगळं गणित बाजूला.

मनीमाऊ:
एपिक नाही करणार, चार वर्षांच्याला तिथे घेऊन काय करू. पण हे एका रात्रीचं मला माहीतच नव्हतं!! मग घरही ठेवायचं आणि वर ती खोली? सासू-सासऱ्यांना युनिव्हर्सलला यायचंच नाहीये, सासूबाई कालच म्हणाल्या, आम्हाला एक दिवस पूलमध्ये पाय सोडून बसू दे, तुमच्या त्या गरगर फिरणाऱ्या गाड्या तुम्हालाच लखलाभ.

खडूस_काका:
सासूबाई सगळ्यात शहाण्या. रात्री त्यांना एकटं ठेवायचं नसेल तर झोपायला घरी या. चेक-इन करा, पास घ्या, दिवसभर फिरा, दुपारी धाकट्याला खोलीत झोपवा, रात्री घरी. पुष्कळ लोक खोली पासपुरतीच घेतात. किसिमीपासून अर्धा तास धरा, आय-४ ची कृपा असेल तर.

गोगलगाय:
मधेच विचारते, आमचंही जायचं घाटतंय. डिस्नेच्या डीव्हीसी मेंबरांकडून पॉइंट्स भाड्याने घेतात म्हणे, त्यात किचनवाला व्हिला मिळतो. ते कसं?

भिंगरी:
गोगलगाय, डीव्हीसी म्हणजे डिस्नेचं टाइमशेअर. मेंबर त्याचे पॉइंट्स वापरून तुझ्या नावाने बुकिंग करतो, तू त्याला पॉइंटमागे पैसे देतेस. महागड्या रिसॉर्टसाठी डिस्नेच्या दरापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि एक बेडरूमचा व्हिला घेतला तर पूर्ण किचन, वॉशर-ड्रायर सगळं आत. पण एकदा केलं की साधारणपणे पैसे परत नाहीत. डिस्नेकडून नुसती खोली घेतली तर ५ दिवस आधीपर्यंत रद्द करता येते, इथे पोराला आदल्या दिवशी ताप आला की गेले पैसे. लहान मूल असेल तर मी धजावत नाही.

मनीमाऊ, तुमच्यासाठी अजून एक. डिसेंबरात मॅजिक किंगडमला काही रात्री ख्रिसमस पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना ६ वाजता बाहेर काढतात. बाहेर राहणारे यावर चिडतात, पण तुमच्यासाठी तोच दिवस चांगला! दिवसा गर्दी कमी असते, दुपारी परत यायचा प्रश्नच नाही, सहाला सगळे मिळून निघायचं. फटाके हुकतील तेवढे. सासरे दमले तर मोनोरेलने डिस्नेच्या पॉलिनेशियन हॉटेलच्या लॉबीत नेऊन बसवा, तिथे राहत नसलात तरी बसता येतं, गार हवा, सोफे, मागे तळं. माझे बाबा तिथे दीड तास झोपले होते, वर म्हणाले सगळ्यात चांगली राइड हीच.

स्लिंकीची_आई:
हे पटलं. मग लाइटनिंग लेन ३ दिवस आधीचीच घ्या पण सकाळी ७ म्हणजे ऑर्लँडोच्या घड्याळाचे ७, तुम्ही दुसऱ्या टाइम झोनमध्ये असाल तर अलार्म तसा लावा. कार्ड अॅपमध्ये आधीच टाकून ठेवा. सगळ्यांची तिकिटं एकाच अकाउंटला जोडलेली हवीत, नाहीतर सात वाजून दोन मिनिटांनी सासऱ्यांचा पासवर्ड शोधत बसाल.

मनीमाऊ:
बुक केलं! घर सहा रात्री, मिनीव्हॅन, आणि युनिव्हर्सलची एक रात्र चौघांसाठी. मॅजिक किंगडम पार्टीच्या दिवशीच घेतला. नवरा अजून स्कायलायनरचे व्हिडिओ बघून उसासे टाकतोय, त्याला सांगितलंय की एपकॉटच्या दिवशी तिथूनच बसून हॉलिवूड स्टुडिओजपर्यंत जाऊन ये, कोणी अडवत नाही. लेकीची उंची ५१ निघाली, धाकट्याची साडेसदतीस. आता रोज सकाळी भिंतीला टेकवून मोजतोय.

स्लिंकीची_आई:
साडेसदतीस!! तीन आठवडे आहेत, जाड तळव्याचे बूट घ्या. (मी सांगितलं म्हणून सांगू नका.)

खडूस_काका:
बूट नंतर. पूल हीट कधीपासून चालू करणार ते मालकाकडून आत्ताच लेखी मेसेजमध्ये घ्या, तुम्ही पोचायच्या आदल्या दिवशीपासून हवं म्हणून सांगा. आणि थंडीची लाट आली, रात्री पारा पन्नास फॅरनहाइटच्या खाली गेला, तर ते हीट पंप नीट चालत नाहीत, तेव्हाचे पैसे परत देणार का हेही विचारा. सासूबाईंचे पाय आहेत शेवटी.

मनीमाऊ:
विचारलं. मालक म्हणतो किमान चार दिवसांची हीट घ्यावी लागेल. आणि पैसे परत द्यायचं काय ते ‘बघू’ म्हणाला.

खडूस_काका:
‘बघू’चा स्क्रीनशॉट काढून ठेवा.