बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कुठला विषय घेतला? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

धाकट्या बहिणीला सोमवारपर्यंत फॉर्म भरायचाय. लाइफ सायन्सचं शेवटचं वर्ष, इलेक्टिव्हला प्लांट पॅथॉलॉजी (झाडांचे रोग), रेशीम (रेशीमशेती), क्लिनिकल मायक्रो (माणसाच्या रोगजंतूंच्या तपासण्या) आणि बायोइन्फर्मेटिक्स (डीएनए वगैरेची माहिती कॉम्प्युटरवर तपासणं). घरचे म्हणतायत ज्यात मार्क पडतात ते घे. मी कॉमर्सचा, मला काय कळणार. प्रॅक्टिकलला नेमकं काय करायला लागतं ते जरूर लिहा.

सांगोलकर: प्लांट पॅथॉलॉजी घेतलं. आमची दीड एकर डाळिंब, मी बारावीला असताना तेल्या रोगानं अख्खा बहार गेला, आप्पा चिरलेली फळं खड्ड्यात टाकत होते ते अजून डोळ्यापुढं आहे. प्रॅक्टिकलला तेल्याचंच पान आलं. डागाच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा कापायचा, स्लाईडवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हरस्लिप, आणि मॅडम म्हणल्या आता कापलेल्या कडेकडं बघत रहा. थोड्या वेळानं तिथनं धुरासारखी दाट धार बाहेर पडायला लागली, ते सगळे झँथोमोनास, म्हणजे जीवाणू, बुरशी न्हवंच! आणि आम्ही इतकी वर्षं बुरशीनाशकावर पैसे घालत होतो. संध्याकाळी आप्पांना फोन करून पहिलं तेच सांगितलं. हा रोग पावसाच्या शिंतोड्यानं पसरतो, छाटणीच्या कात्रीनंपण पसरतो, त्यामुळं आता आमच्यात प्रत्येक झाडानंतर कात्री औषधात बुडवूनच पुढं जातात. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, 2005 पासून, घरापासून एवढ्या जवळ असं काही असतं हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

सातरस्ता: क्लिनिकल मायक्रो. ग्रॅम स्टेन (जीवाणू रंगवून ओळखणं), कल्चर (जीवाणू वाढवणं), अँटिबायोटिकची सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ते बघणं), सगळं स्वतःच्या हातानं केलं आणि आज लॅबमध्ये रोज तेच करते, मला मनापासून आवडतं. पण ताईला आधीच सांगा, नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही, मला पुढं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करायलाच लागलं.

होटगी_रोड: बायोइन्फर्मेटिक्स घेऊन मी पस्तावलो, विषय वाईट म्हणून नाही. आमच्या कॉलेजात चालू कॉम्प्युटर सहा आणि पोरं तीस, निम्मी प्रॅक्टिकल्स प्रोजेक्टरवरच बघितली. ब्लास्ट (डीएनए-प्रोटीनचे क्रम जुळवून बघायचं साधन) करायला घरी शिकलो, एनसीबीआय या अमेरिकी सरकारी वेबसाइटवर सगळं फुकट आहे, नेट तेवढं पाहिजे. फॉर्म भरायच्या आधी लॅबमध्ये जाऊन मशीन मोजून या, लाजू नका.

तुती: रेशीम. अंडीपुंजातून (रेशीम पतंगाच्या अंड्यांच्या पुंजक्यातून) अळी निघाल्यापासून कोष होईपर्यंत महिनाभराच्या आत सगळं उरकतं, पण तेवढ्यात सुट्टी नाही, रविवारीपण पाला घालायला जायचं. एकदा मी ओला पाला घातला आणि ट्रेमधल्या बऱ्याच अळ्या मऊ पडून मेल्या. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. तरी परत घ्यायचं झालं तर हेच घेईन.

माळरान: मला वाइल्डलाइफ पाहिजे होतं, नान्नजच्या माळावर लहानपणापासून काळवीट बघत आलोय. चारच पोरांनी नाव दिलं म्हणून बॅच निघाली नाही. पाच झालो असतो तर निघाली असती, मित्रांना आधी विचारायला पाहिजे होतं.

धागाकर्ता: सगळं बहिणीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, सांगोलकर, त्या स्लाईडला पान ताजंच लागतं का?

सांगोलकर: ताजं असलं तर धार झकास दिसते. सकाळी तोडून ओल्या कागदात गुंडाळून न्यायचं. पाहिजे तर आमच्या बागेतनं देतो, अजून दोन झाडांवर आहे.