जावाच्या खेड्यात जमीन: घ्यावी, की नुसतं राहावं?

पाटाचंपाणी

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या खेड्याबद्दल दोन मतं सारखी ऐकू येतात. एक म्हणजे खेडं संपलं, तरणी पोरं जकार्ता-सुराबायाला नाहीतर थेट तैवान-हाँगकाँगला गेली. दुसरं म्हणजे जमीन स्वस्त आहे, तेव्हा घेऊन टाका. पहिलं मत मला साफ चूक वाटतं.

२०१४ च्या ग्रामकायद्यानंतर, २०१५ पासून केंद्राच्या अंदाजपत्रकातून प्रत्येक गावाला 'दाना देसा', म्हणजे ग्रामनिधी, मिळतो. त्यातून रस्ते, पाट, गटारं झाली. क्लातेनजवळच्या पोंगोक गावाने झऱ्याच्या तळ्यावर पर्यटन उभं केलं आणि त्याचं उत्पन्न गावाच्या संस्थेत येतं. पोनोरोगो, ब्लितार, चिलाचाप भागातून परदेशी गेलेल्यांचा पैसा गावातल्या घरांत दिसतो. सरकारच्या जमिनींच्या सामूहिक नोंदणी मोहिमेमुळे लाखो खातेदारांच्या हाती पहिल्यांदाच मालकीचं पक्कं प्रमाणपत्र आलं. पाणी, वीज, रस्ता आणि कागद एकत्र आले की जमिनीला भविष्य असतं. माझ्या मते मध्य जावातली परसाची जमीन आजही घेण्यासारखी आहे.

सह्यकडा

रस्ते झाले, हे मान्य. पण जमिनीचं भविष्य तिच्या उत्पन्नावरून मोजायला हवं, आणि तिथे हिशेब बसत नाही.

जावात अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणाऱ्याला 'पेतानी गुरेम' म्हणतात, आणि बहुसंख्य शेतकरी याच गटात येतात. पाव हेक्टर 'सावाह', म्हणजे पाण्याखालचं भातखाचर धरा. हेक्टरी साडेपाच टन भात धरलं तर एका हंगामात जेमतेम १४०० किलो. २०२५ पासून सरकारी खरेदीदर किलोला ६५०० रुपिया आहे. म्हणजे सगळं मिळून ९१ लाख रुपिया. जमीन 'मारो'ने, आपल्याकडच्या अर्धेलीसारखी, दिली असेल तर मालकाकडे ४५ लाख येतात आणि हंगाम चार महिन्यांचा. महिन्याला ११ लाख पडले. २०२५ मध्ये मध्य जावातलं सर्वांत कमी किमान वेतन बांजारनेगारा जिल्ह्यात होतं, तेही महिना सुमारे २१.७ लाख. गावातल्या कुटुंबाला पाव हेक्टर विकत घ्यायचं तर निव्वळ भातावर त्याची किंमत एका पिढीत फिटणं अवघड. मग किंमत कशाने चढते? बाहेरच्या पैशाने. त्याला मी भविष्य म्हणणार नाही.

तळकोकणी

@सह्यकडा, तुमचा हिशेब खाचराचा आहे. धागा परसाच्या जमिनीबद्दल आहे, आणि तिथे 'पेकारांगान' ही वेगळीच चीज आहे.

पेकारांगान म्हणजे आपलं आगरच. माड, फणस, केळी, कसावा, हळद-आलं, कडेला लाकडासाठी लावलेली सेंगोनची झाडं, घराशी कोंबड्या. सेंगोन पाच-सहा वर्षांत तोडणीला येतो. त्याला तिथे बँकेतल्या ठेवीसारखं वागवतात: शाळेची फी किंवा लग्न आलं की हवी तेवढीच झाडं तोडायची. 'तेबांग बुतुह', गरजेपुरती तोड, असा शब्दच आहे. यात खोट अशी की गरजेच्या वेळी चार वर्षांचं कोवळं झाड जातं, आणि लाकडाची किंमत बुंध्याच्या जाडीवर ठरत असल्याने ऐन वाढीची वर्षं हातची जातात.

बान्युमास आणि कुलोन प्रोगोत माडाच्या निरेचा गूळ करतात. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, माडावर चढावं लागतं. भांड्यात आधीच थोडा चुना आणि मँगोस्टीनची साल घालतात, नाहीतर नीरा आंबते आणि आंबलेल्या निरेचा गूळ घट्ट होत नाही. त्याचा दाणेदार प्रकार, 'गुला सेमुत', परदेशी जातो. हे उत्पन्न रोजचं आहे, हंगामाची वाट पाहत नाही.

सह्यकडा

@तळकोकणी, आणि रोज दोनदा माडावर चढणार कोण? माडावरून पडून पाठीचा कणा मोडणं, जन्माचं अधू होणं हे त्याच भागातलं रोजचं दुःख आहे. म्हणूनच पाडेकऱ्यांची मुलं या धंद्यात राहत नाहीत. झाड असून माणूस नसेल तर आगराचं उत्पन्न कागदावरच राहतं.

मोजणीदार

उत्पन्नावर भांडण्याआधी कागद बघा. फसवणूक तिथेच होते.

गावाच्या दप्तरातला 'लेतर चे' उतारा, किंवा 'गिरिक' आणि 'पेतोक' हे करवसुलीचे जुने कागद. त्यांना कोणी सातबारा समजू नये. कर कोण भरतो एवढंच ते सांगतात, मालकी सिद्ध करत नाहीत. २०२१ च्या शासकीय नियम क्र. १८ ने असे जुने पुरावे नोंदवून घ्यायला पाच वर्षं दिली, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. त्यानंतर ते पुरावा ठरत नाहीत, फार तर दिशादर्शक.

क्रम असा ठेवा. जमीन कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी. नकाशा घेऊन जागेवर हद्दीचे खुंट, शेजाऱ्यांना उभं करून. जमीनकराच्या पावत्यांची थकबाकी. जमीन वारसाहक्काची असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या. इथे दोन रीती आहेत: 'सेपिकुल सेगेंदोंगान', मुलाला कावडीच्या दोन पाट्या, मुलीला पाठीवरची एक, नाहीतर सरळ समान वाटणी. कोणत्या रीतीने वाटलं हे तोंडीच ठरलेलं असतं. मग मलेशियात असलेला एक भाऊ सहीला नाही म्हणतो आणि विसार, म्हणजे दिलेली रक्कम, वर्षानुवर्षं अडकते. सगळ्या सह्या हातात आल्याशिवाय विसार देऊ नये.

खरेदीखत जमीनखतांच्या अधिकृत अधिकाऱ्यासमोरच. भाव २० कोटी रुपिया असेल तर, करमुक्त मर्यादा किमान ८ कोटी धरून, घेणाऱ्याचा कर उरलेल्या १२ कोटींवर ५ टक्के म्हणजे ६० लाख. विकणाऱ्याचा अडीच टक्के, ५० लाख. अधिकाऱ्याचं शुल्क फार तर १ टक्का. कर वाचवायला खतात भाव कमी दाखवला, तर पुढे वाद झाल्यावर तोच कमी भाव तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

पाटाचंपाणी

@मोजणीदार, अगदी हेच हवं होतं. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक सांगा. जावानीज जोडीदाराच्या नावावर घेतली तर?

मोजणीदार

१९६० च्या मूलभूत भूमीकायद्याने 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, माणसांमध्ये फक्त इंडोनेशियन नागरिकालाच. लग्नात संपत्ती सामाईक होत असल्यामुळे, करार केला नसेल तर जोडीदाराचा हक्कही धोक्यात येतो. संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. २०१६ मध्ये घटनान्यायालयाने तो लग्नानंतरही करता येईल असं ठरवलं. जमीन घेण्याआधी तो करून नोंदवून घ्या.

दुसऱ्याचं नाव वापरून आपली जमीन, हा प्रकार तर मुळीच नको. कलम २६ प्रमाणे तो व्यवहारच रद्द होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. 'हाक पाकाई', वापराचा हक्क, परदेशी रहिवाशाला मिळतो. पण त्यात घराच्या किमतीला प्रांतागणिक अब्जावधी रुपियांची किमान अट आहे, आणि खेड्यातलं साधं घर त्यात बसत नाही. उरतो दीर्घ भाडेकरार.

सह्यकडा

म्हणजे धाग्याच्या शीर्षकातला दुसरा पर्यायच खरा. शिवाय शेतजमिनीला आणखी एक कुंपण आहे. १९६१ च्या नियमाने मालकाला त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहावं लागतं, दूर राहून शेतजमीन बाळगता येत नाही. खाचर भरून घर बांधायचं तर संरक्षित भातजमिनीच्या यादीत ते आहे का, हे आधी पाहावं. यादीत असेल तर परवानगी नाही. स्थानिक तरुणाला शेत परवडत नाही आणि बाहेरच्याला बांधता येत नाही, तरीही दलाल दोघांना विकतोच. मला राग त्याचाच येतो.

उंबरठा

राहायचंच ठरलं तर घर बघा. २७ मे २००६ च्या, योग्यकार्ताजवळच्या बांतुलच्या भूकंपात ५७०० हून अधिक माणसं गेली, बहुतेक विटांच्या भिंतींखाली. कॉलमशिवायची वीट तिथे मारते. किमान १५ × १५ सें.मी. कॉलम, १० मि.मी.च्या चार सळ्या, १५ सें.मी. अंतरावर ८ मि.मी.ची कडी, जोत्याला आणि भिंतीच्या माथ्यावर सलग बीम, आणि कॉलमांमधली भिंत ९ चौरस मीटरपेक्षा मोठी नको. जुनं घर असेल तर कोपऱ्यावरचा गिलावा फोडून सळई आहे का ते पाहा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. विहीर आणि मैलाटाकीत निदान १० मीटर ठेवा. लहान प्लॉटवर शेजाऱ्याची टाकी तुमच्या विहिरीला लागून येते, हे विसरलं जातं.

आणि गाव म्हणजे नुसती जमीन नव्हे. रात्रीच्या गस्तीला जावं लागतं, दारातल्या डब्यात रोज 'जिंपितान'ची मूठभर तांदळाची किंवा नाण्याची भर टाकावी लागते, शेजारच्या लग्नाला राबायला आणि पाकीट द्यायला जावं लागतं. पाकिटाची रक्कम वहीत लिहून ठेवतात आणि तुमच्या कार्याला तेवढीच परत येते. भाडेकरूलाही हे चुकत नाही. जो चुकवतो, त्याचा पाट तुंबला की कोणी फावडं घेऊन येत नाही.

पाटाचंपाणी

@सह्यकडा, परसाची जमीन घ्यावी हे माझं मत स्थानिक नागरिकापुरतं कायम आहे. परदेशी माणसाबाबत ते मागे घेतो. एक भर घालतो: उत्तर किनाऱ्यावर, देमाकच्या सायुंगसारख्या भागात तर भाडेकरारही करू नये. तिथे जमीन खचतेय, समुद्र आत आलाय, आणि गावाच्या नकाशावर असलेली खाचरं आज पाण्याखाली आहेत.