बेडरूममधली कपाटं: प्लाय, एमडीएफ की कडप्पा?

विश्रामबाग, सांगली
दोन बेडरूमची भिंतीतली कपाटं करायची आहेत. सुतार प्लाय म्हणतो, भाऊ म्हणतो एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) तयार आणू. दुकानात सगळे रंग दाखवतात. पाच-सहा पावसाळ्यांनी कपाट कसं राहतं, ते कुणी सांगत नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी लिहा. आतली बाजूही सांगा.

गावभाग, सांगली
२०१९ च्या ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होतं आणि ते कित्येक दिवस हललं नाही. पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं) कपाट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं, हात लावला की भुगा. प्लायची उभी राहिली, पण थर सुटले, सनमायका सोलून निघाला. सासूबाईंच्या खोलीत मात्र भिंतीत जुने कडप्प्याचे कप्पे होते. गाळ धुतला, पुसून कोरडे केले, लगेच वापरात. आता खाली सगळीकडे कडप्पाच, दारं ॲल्युमिनियमच्या चौकटीची. २०२१ ला कृष्णा पुन्हा चढायला लागली तेव्हा कपडे वर नेले आणि दारंही स्क्रू काढून वर नेली. कडप्पा पावसाळ्यात गार पडतो, सुती कपड्यांना वास येतो, म्हणून खाली जाड चादर अंथरते. त्याला इलाज नाही.

शाहूपुरी, सातारा
आमच्याकडे पूर नाही, ओल आहे. कपाटाच्या मागे बाथरूमची भिंत. सुताराने ६ मिमीचा प्लाय थेट भिंतीला ठोकला, मागून काहीच लावलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात आईचा शालू काढला तर घडीवर काळे ठिपके. ते गेले नाहीत. आई काही बोलली नाही, पण मला अजून रुखरुख आहे. मग सगळं उतरवलं, आधी भिंतीची गळती काढली, अर्धा इंच फट सोडली, मागच्या प्लायलाही लॅमिनेट लावलं. कपाट करण्याआधीच भिंतीपलीकडे काय आहे ते बघा हो.

कराड
चकचकीत ॲक्रिलिकची दारं घेतली. दिसतात सुंदर, पण लहान मुलं असतील तर बोटांचे ठसे आणि ओरखडे. मुलांच्या खोलीत मॅट लॅमिनेट बरं.

मिरज (सुतारकाम करतो)
दादा, दाराला बाहेरून १ मिमी लॅमिनेट आणि आतून नुसतं वार्निश, असं करू नका. दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही, उंच दार धनुष्यासारखं वाकतं. आतूनही लॅमिनेट हवंच, ०.८ मिमीचं चालतं. सात फुटी दाराला दोन बिजागऱ्यांवर भागवतात. मी चार लावतो. ओल असेल तिथे आयएस ७१० चा (म्हणजे मरीन प्लायचा) शिक्का असलेला प्लाय घ्या, आणि शिक्का शीट कापण्याआधी बघा, नंतर तुकड्यावर सापडत नाही. एमडीएफ वाईट नाही. रंगाचं काम त्यावर प्लायपेक्षा गुळगुळीत येतं. पण वरच्या, कोरड्या खोलीत, आणि फक्त दारांना. जमिनीला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही. कापलेली प्रत्येक कड बंद झाली का, हे बोट फिरवून बघा. पाणी तिथूनच शिरतं.

विश्रामबाग, सांगली
आत्ताच जाऊन बघितलं. दुसऱ्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे आमचंही बाथरूमच आहे. सुताराला थांबवलंय, आधी प्लंबरला बोलावतो. गावभागच्या ताई, कडप्प्याच्या दोन कप्प्यांत उंची किती ठेवलीत?