मदत हवी आहे : 'टर्की' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि तुर्की प्रतिशब्द (तातडीचे)

मधुरा_क
नमस्कार. 'टर्की' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तुर्की भाषेत त्याला काय म्हणतात? शब्दकोशात जे सापडतं ते वाक्यात बसत नाही. आज रात्री काम पाठवायचं आहे, कृपया लवकर सांगा.

पाणकोंबडी
देश की पक्षी? वाक्य द्या ना.

भटका सुभाष
देश असेल तर आता 'तुर्किये' लिहा. २०२२च्या जूनपासून संयुक्त राष्ट्रांतही हेच नाव चालतं. इस्तंबूलला जाणार असाल तर एप्रिल-मे उत्तम. उन्हाळ्यात ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. आशियाच्या बाजूला कादिकॉयला राहा, तिथून फेरीने पलीकडे जाता येतं. व्हिसाबद्दल काही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मधुरा_क
मला कुठेही जायचं नाही. पक्षीच आहे. पण तुर्कीत त्या जागी 'हिंदी' हा शब्द येतोय आणि भाषांतराचं यंत्र 'हिंदीसारखा विचार' असं काहीतरी देतंय. हिंदी भाषेचा इथे काय संबंध?

अनुस्वार
भाषेचा संबंध नाही. तुर्कीत टर्की पक्ष्याचं नावच 'हिंदी' आहे. आपल्या हिंदी भाषेला ते 'हिंत्चे' म्हणतात, भारतीय माणसाला 'हिंत्ली', देशाला 'हिंदिस्तान'. नारळाला 'हिंदिस्तान जेविझी', म्हणजे हिंदुस्थानातलं अक्रोड. वाक्य अजून दिलं नाहीत.

तंजावरकर
मूळ शब्द आपल्याकडचाच आहे. तमिळमध्ये मोराच्या पिसाऱ्याला 'तोगै' म्हणतात. त्यावरून हिब्रूत मोर म्हणजे 'तुक्की' झाला. कोलंबसाच्या दुभाष्याने अमेरिकेत हा पक्षी पाहून त्याला 'तुक्की' म्हटलं आणि त्याचं 'टर्की' झालं.

अनुस्वार
तंजावरकर, पहिला अर्धा भाग मान्य. बायबलमधल्या 'तुक्की'चं मूळ तमिळमध्ये आहे असं बरेच अभ्यासक धरतात. दुसऱ्या अर्ध्या भागाला मात्र पुरावा नाही. तसं असतं तर हा शब्द आधी स्पॅनिशमध्ये दिसायला हवा होता, कारण जहाजं स्पेनची होती. स्पॅनिशमध्ये या पक्ष्याला 'पावो' म्हणतात, तेही मोराच्या लॅटिन नावावरून.

इंग्रजीतली गोष्ट अशी. आफ्रिकेतली गिनी कोंबडी, ठिपक्याठिपक्यांची, इंग्लंडात तुर्की अमलाखालच्या प्रदेशांतून व्यापाऱ्यांमार्फत यायची, म्हणून तिला 'टर्की कॉक', 'टर्की हेन' म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोहून हा नवा मोठा पक्षी आणला. दोघांत गल्लत झाली आणि नाव नव्याला चिकटलं. काहींच्या मते हा नवा पक्षीही इंग्लंडात लेव्हांटशी, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याशी, व्यापार करणाऱ्यांकडूनच आला, म्हणून ते नाव. दोन्ही मतांत नाव देशावरूनच पडलं आहे. ती गल्लत शास्त्रीय नावातही राहिली. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली टर्कीच्या प्रजातीला 'मेलिअ‍ॅग्रिस' नाव दिलं, आणि ग्रीकमध्ये मेलिअ‍ॅग्रिस म्हणजे गिनी कोंबडी.

तुर्कांना तो कुठून आला असं वाटलं? हिंदुस्थानातून. कारण अमेरिकेलाच तेव्हा 'इंडीज' म्हणत. फ्रेंचांचं 'दँद' हे 'द'आंद'चं, म्हणजे 'इंडियाचा'चं जोडून झालेलं रूप. पोलिश 'इंदिक', रशियन 'इंद्यूक' त्याच वळणाचे. डच तर थेट आपल्या किनाऱ्यावर आले. त्यांचं 'काल्कून' हे कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोळिकोडवरून. अरबीत एक नाव 'दीक रूमी', रूमचा (बायझंटाईन, पुढे तुर्की मुलखाचा) कोंबडा. मलायमध्ये 'आयाम बलांदा', डचांची कोंबडी. सगळ्यांनी तो दुसऱ्याच्या गावचा ठरवला. खुद्द मेक्सिकोत मात्र नाहुआतल भाषेतून आलेलं 'ग्वाहोलोते' हे नाव अजून चालतं.

बाणावली
पोर्तुगीज राहिलेच. ते त्याला 'पेरू' म्हणतात, देशावरून. आमच्या गोव्यात नाताळाला काही घरी मसाला भरून पेरू भाजतात. तो हाच पक्षी. आणि हा पक्षी मुघलांकडे गोव्यातूनच गेला. १६१२ साली जहांगीराचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून आणलेल्या अपूर्व प्राण्यांत तो होता. जहांगीराने लिहून ठेवलंय की त्याचं डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलते, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी. त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते एकदा मोठं करून बघा, गळ्याची कातडी इतकी खरी रंगवली आहे.

खवय्या
मग आपण खातो तो पेरू त्या देशावरून की पक्ष्यावरून?

बाणावली
कोकणीत आम्ही त्या फळाला 'पेर' म्हणतो. पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती. मला ते जास्त पटतं.

खवय्या
मला नाही पटत. फळ अमेरिकेचं, देशही अमेरिकेतला, मग 'ऊ' कुठून आला?

पाणकोंबडी
अवांतर थांबवा. धागाकर्तीला रात्री काम द्यायचंय. मधुराताई, वाक्य?

मधुरा_क
मालिकेची मराठी उपशीर्षकं करते आहे. आजी नातवाला म्हणते, "ने द्युश्युन्युयोर्सुन हिंदी गिबी?" इंग्रजी संहितेत 'टर्कीसारखा काय विचार करतोयस' असं आहे. नातू गप्प बसलेला आहे, नोकरी गेली आहे. मराठीत टर्की लिहिलं तर कुणाला काय कळणार?

अनुस्वार
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! ही तुर्कीतली बोलण्यातली उपमा आहे. काही न बोलता खोल विचारात बुडालेल्या माणसाला म्हणतात. तिच्याशी नसरुद्दीन होजाची गोष्ट जोडतात. बाजारात एवढासा पोपट सोन्याच्या मोहरांना विकला जातो. होजा घरी जाऊन आपला टर्की घेऊन येतो आणि त्याहून जास्त किंमत सांगतो. लोक म्हणतात, पोपट बोलतो तरी. होजा म्हणतो, तो बोलतो, तर हा विचार करतो.

तंजावरकर
होजा तेराव्या शतकातला मानतात. टर्की तिकडे सोळाव्या शतकानंतर आला. मग ही गोष्ट त्याची कशी?

अनुस्वार
गोष्टी त्याच्या नावावर पुढची कित्येक शतकं जमत गेल्या. आपल्याकडे बिरबलाचं तेच झालं.

भटका सुभाष
तुर्कीशी आपलं नातं जुनं आहे. तोफ, कैची, उर्दू हे शब्द तिकडचेच. 'ओर्दू' म्हणजे सैन्य, लष्कराची छावणी.

जोशीकाकू
मधुरा, पक्षी सोडून दे. आजी रागवत नाहीये, तिला काळजी आहे. आमच्याकडे म्हणतात, "घुम्यासारखा काय बसलास रे?" पडद्यावर दोन क्षणांत वाचून होतं.

पाणकोंबडी
काकूंना +१.

तंजावरकर
'घुम्या'त विचार येत नाही, फक्त अबोलपणा येतो. मूळ वाक्यात विचार आहे.

जोशीकाकू
मग "घुम्यासारखा कसला विचार करतोयस?" करा.

मधुरा_क
हेच घेते. काकू, अनुस्वार, मनापासून आभार. पुढच्या भागात सूनबाई दिराला "हिंदी गिबी काबारमा" म्हणते, तिथेही घुमाच चालेल का?

अनुस्वार
नाही, तिथे चालणार नाही. 'काबारमा' म्हणजे फुगू नकोस. नर टर्की पिसं फुलवून मिरवतो, त्यावरून. दिराने नेमकं काय केलंय?

मधुरा_क
नवी गाडी घेतलीय.

जोशीकाकू
"एवढं छाती फुगवून मिरवायला नको."