‘उरले’ दिसले की वजाबाकी?

प्राथमिक शिक्षिका, सातारा:
काल येथे एका पालकांनी लिहिले की, शाब्दिक उदाहरणात ‘एकूण’ आले की बेरीज आणि ‘उरले’ आले की वजाबाकी, एवढे मुलांकडून घोटून घ्यावे. २२ वर्षे तिसरी-चौथीला शिकवल्यावर हे वाचून गप्प बसवत नाही. ‘आईने ६५ रुपयांची भाजी घेतल्यावर तिच्याजवळ ३५ रुपये उरले, तर बाजारात जाताना किती होते?’ असे विचारले की हा नियम पाठ असलेली मुले ३० लिहून मोकळी होतात. तीस रुपयांत पासष्टांची भाजी कशी आली, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

शिकवणी घेणारा:
ताई, माझ्याकडे शिष्यवृत्तीला बसणाऱ्या काही मुलांना वाक्यच धड वाचता येत नाही. त्यांची दहापैकी सहा उदाहरणे सुटावीत म्हणून मी हा आधार देतो, तर त्यात माझे काय चुकले?

निवृत्त बँक कर्मचारी:
खरे दुखणे पाढे सुटल्याचे आहे. आम्हांला पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीन यांचे पाढे, तोंडपाठ असल्यामुळे आठ रुपये वाराच्या साडेतीन वार कापडाचे अठ्ठावीस रुपये बोलता बोलता निघत. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसचे ‘वीस सात’ झाले, तेव्हाच मी घरी म्हणालो होतो की आता हिशेब संपला.

एक आई:
माझी मुलगी ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहायची आणि वही मिटून रडायची. ‘पन्नास नऊ’ म्हटल्यावर तिला पाच आधी लिहायचे, हे एका दिवसात कळले.

निवृत्त बँक कर्मचारी:
मग भाजीवालीलाही ‘पन्नास नऊ रुपये घ्या’ म्हणणार का? भाषा मोडून गणित सोपे होत नाही.

एक आई:
भाषा टिकवण्याचे ओझे सात वर्षांच्या मुलीवर टाकू नका. तिचे रडणे मी पाहिले आहे, तुम्ही नाही.

प्राथमिक शिक्षिका, सातारा:
पाढे हवेतच, परंतु ते पुरेसे नाहीत. माझ्या वडिलांना औटकी येत असूनही हजाराच्या खरेदीवर ‘आधी २० टक्के, मग आणखी १० टक्के सूट’ ऐकून त्यांनी ७०० रुपयेच मोजून ठेवले आणि दुकानदाराने ७२० मागितल्यावर त्याच्याशी भांडले. दहा टक्के कशाचे, हे विचारायची सवय त्यांना कोणी लावलीच नव्हती.

शिकवणी घेणारा:
दोन पायऱ्यांच्या उदाहरणात माझी मुले अडतात, हे कबूल करावे लागेल. तुमचे भाजीचे उदाहरण उद्या घालून पाहतो. मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी नियमच घोटून घेणार.